चाळिशीनंतर पीएच.डी. : अर्जाआधी हे पाहा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा ओझरच्या एचएएलमध्ये वीस वर्षे काढलेल्या इंजिनीअरलाही संशोधनाची वाट मोकळी आहे. यूजीसीचे २०२२ चे नियम असे :

● वय : कमाल मर्यादा नाही.

● पात्रता : एम.ई./एम.टेक.ला ५५ टक्के. राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिक दुर्बलांना ५ टक्के सवलत. चार वर्षांच्या पदवीवर थेट यायचे तर ७५ टक्के हवेत.

● नोकरी सांभाळून : अर्धवेळ पीएच.डी.ला मान्यता आहे. मात्र संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळीक देऊ, असे कंपनीचे ना-हरकत पत्र लागते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. चालत नाही.

● कालावधी : किमान ३, कमाल ६ वर्षे, पुनर्नोंदणी केल्यास आणखी २. महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षे.

● कोर्सवर्क : किमान १२ क्रेडिट.

● कुठे : नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. नाशिक शहरातल्या के. के. वाघसारख्या महाविद्यालयांत विद्यापीठाची संशोधन केंद्रे आहेत. आयआयटी मुंबईत नोकरदारांसाठी ‘एक्स्टर्नल’ नोंदणी असते. त्यासाठी आपल्याच संस्थेत संशोधनाची सोय हवी.

● गाईड निवडताना : निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तेव्हा आपल्या वयाआधी गाईडचे वय विचारा!