मी हसले, ते चुकलंच!

मिरकरवाड्याहून मासे घेऊन येताना मामेभाऊ भेटला. मनगटावर मोठा डाग. म्हणाला, "कढईचा चटका." मग हळूच, "तिनं तापलेलं उलथनं लावलं गो, ताई." आणि मैत्रिणींनो, मला चक्क हसू आलं! तोही ओशाळं हसला नि निघून गेला.

दुपारी घास उतरेना. हेच बहिणीनं सांगितलं असतं, तर हसले असते का?

पुण्याचा दास्ताने खटला पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नवरा कचेरीतून यायच्या वेळी दाराला कुलूप लावणं, मंगळसूत्र तोडून टाकणं, रात्री दिवा लावून टोचून बोलणं. हा छळच, असं न्या. यशवंत चंद्रचूड यांनी १९७५ साली म्हटलं. पण त्यानंतरही दोघं नांदली, म्हणजे नवऱ्यानं माफ केलं, असं धरून त्याची विभक्त होण्याची मागणी फेटाळली.

२००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बाईसाठी आहे, आणि तो हवाच. नवऱ्याला त्यात दाद नाही. तरी मारहाणीची पोलिसांत तक्रार करता येते, हिंदू विवाह कायद्यात छळावरून घटस्फोटही मागता येतो. पण आधी कुणी ऐकून तर घ्यायला हवं!

संध्याकाळी फोन केला. "ये रे, चहा टाकते. आता नाही हसणार."