खिळ्यांपासून किल्लारीपर्यंत

जिल्ह्याच्या दैनिकाचा इतिहास लिहायचा झाला की लोक संपादकांपासून सुरुवात करतात. मी कंपोझिटरपासून करतो. लातूरच्या ज्या दैनिकात मी उमेदवारी केली, तिथे पहिला वाचक तोच असे आणि पहिला परीक्षकही. हातात स्टिक घेऊन, उलटी अक्षरे वाचत तो टाइपाचे खिळे जुळवायचा आणि जुळवता जुळवता वार्ताहराचे शुद्धलेखन परस्पर दुरुस्त करून टाकायचा. निवडणुकीत एखाद्या उमेदवाराचे नाव पानभर आले की त्यातल्या अक्षराचे मोठे खिळे संपत. मग केसजवळून हाक यायची, "साहेब, 'शि' संपला, हेडिंग बदला." आणि मथळा खरोखर बदलला जाई.

देशाच्या बातम्या येत रेडिओवरून. टेलिप्रिंटर परवडत नसे. आकाशवाणी 'धीमी गति के समाचार' लावायची, खास आमच्यासारख्या लहान पत्रांसाठी. निवेदक एकेक वाक्य सावकाश उच्चारी, पुन्हा उच्चारी आणि उपसंपादक हिंदी ऐकत थेट मराठीत लिहून घेई. आवाजात खरखर आली तर सगळे खोलीत श्वास रोखून बसत. फोटोचे ब्लॉक बाहेरगावाहून करून आणावे लागत, म्हणून पुढाऱ्यांचे जुने ब्लॉक कपाटात जपून ठेवलेले असत. गृहस्थ सत्तरीला पोचले तरी पेपरात चाळिशीतलेच दिसत.

मराठवाड्यात पत्र चालवणे मुळातच जोखमीचे होते, हे नव्या मुलांना सांगावे लागते. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढले ते पुण्यातून. निजामाने त्यावर बंदी घातली तेव्हा त्यांनी दुसऱ्या नावाने अंक काढला. त्यावरही बंदी आली, तर तिसऱ्या नावाने. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत रझाकारांनी खून केला. त्यानंतर महिनाभरातच, 17 सप्टेंबरला, निजामाचे हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे 'मराठवाडा' औरंगाबादेत दैनिक झाले आणि त्याचे संपादक अनंत भालेराव आणीबाणीत तुरुंगात गेले. आमच्या दैनिकातल्या जुन्या माणसांनी हे सगळे जवळून पाहिलेले होते. बातमी दाबायची नाही, ही शिस्त त्यांच्याकडूनच आमच्यात आली.

1982 मध्ये लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, जाहीर नोटिसा आल्या, दैनिकांना चार पैसे दिसू लागले. पुढे खिळे गेले, ऑफसेट आले.

आता किल्लारीच्या भूकंपाचे सांगतो. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. पहिल्या पानावर विसर्जनाची मिरवणूक, मोठा फोटो. अंक छापून झाला, गठ्ठे बांधून झाले, गाड्यांवर चढले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. सकाळी लोकांच्या हातात गुलाल उधळल्याचा अंक पडला, तेव्हा औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावे दगडामातीच्या ढिगाऱ्यांखाली गेली होती. रस्त्यावर उभे राहून माणसे तो अंक उलटसुलट चाळत होती. त्यात काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून दूरदूरचे पत्रकार आले. त्यांच्या मथळ्यांत आकडे होते. आमच्याकडे लोक नावे विचारत येत. पुणे-मुंबईला कामाला गेलेली माणसे मिळेल त्या गाडीने येत आणि गावाकडे जायच्या आधी पेपरच्या कचेरीत शिरत. म्हणून आम्ही गाववार याद्या छापायचे ठरवले: किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, एकोंडी. तलाठ्यांकडून, छावण्यांतून, लातूर-सोलापूरच्या दवाखान्यांतून वार्ताहर चिठ्ठ्या आणत. मी प्रुफे तपासत होतो. काही ओळींत नावाची जागा मोकळी होती. 'अमुकची मुलगी, वय 2' एवढेच. घरातले नाव सांगणारे कोणी उरलेच नव्हते. तशी ओळ छापावी की गाळावी, यावर कचेरीत बराच वाद झाला. एक म्हातारे प्रूफरीडर म्हणाले, "नाव नसले तरी ती होती." ओळी तशाच छापल्या गेल्या. काउंटरवर एक तरुण यादीवरून बोट फिरवत खाली खाली जायचा, शेवटपर्यंत पोचला की पुन्हा वरून सुरुवात करायचा. आपल्या माणसांची नावे त्याला मिळाली की नाही, हे विचारायचे धाडस आमच्यापैकी कोणाला झाले नाही.

जिल्ह्याच्या दैनिकाचे काम काय, हे मला त्या आठवड्यात कळले. मोठ्या पत्राला आकडा पुरतो. आपल्या गावच्या पेपरात माणूस नावानिशी आला पाहिजे: दहावीच्या निकालात, बाजार समितीच्या निवडणुकीत, निधन वार्तेत.

म्हणूनच आज या पत्रांच्या जुन्या फायली रद्दीत जाताना पाहून जिवाला लागते. दैनिक बंद पडते, जागा विकली जाते आणि तीस-चाळीस वर्षांचे बांधीव अंक किलोवर जातात. कायद्याने अंकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांकडे जायला हवी. पण त्या भरवशावर राहू नये. न्यूजप्रिंट लाकडाच्या कच्च्या लगद्याचा असतो. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. त्यामुळे फार वेळ नाही.

तुमच्या गावच्या जुन्या पेपरचे अंक कोणाकडे असतील तर ते विकू देऊ नका. आधी मोबाइलने पानन्‌पान टिपून घ्या, मग जिल्हा ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला द्या आणि पोच घ्या. एकेक सुटा अंकही चालेल.