वाघ रानात, गाय गोठ्यात

जबलपूरहून मंडला ओलांडून कान्हाकडे निघाले की सालाचे दाट जंगल लागते. त्याच्या कडेला गोंड आणि बैगांची गावे आहेत. इथे वाघ म्हणजे बाघदेव. गुनियाने मंत्र टाकून वाघाचे तोंड बांधायचे ही बैगांची जुनी रीत. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात तिची नोंद केली आहे.

पण देव मानला म्हणून मेलेली गाय परत येत नाही. दुभते जनावर गेले की मुलांचे दूध तुटते, बैल गेला की पेरणी अडते. संतापलेल्या मालकाने अर्धवट खाल्लेल्या जनावरावर कीटकनाशक टाकले, तर रात्री परतणारा वाघ मेलाच म्हणून समजा. वाघ वाचतो किंवा मरतो तो या पहिल्या काही तासांत. वनरक्षक वेळेवर आला, पंचनामा झाला, पैसे मिळतील अशी खात्री वाटली, तर राग निवळतो. मध्य प्रदेशात २०१० च्या लोकसेवा हमी कायद्यामुळे ही मदत ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक झाले. शहरात बसून आदिवासींच्या निसर्गप्रेमाचे गोडवे गाणाऱ्यांना या कागदाचे मोल कळत नाही.

पिकाची राखण तर रोजचीच. भात निसवला की चितळ, रानडुकरे शेतात उतरतात. मग माळ्यावर जागल, शेकोटी, डबे बडवणे. कुणी तारेत वीज सोडतो. डुकरासाठी लावलेल्या त्या तारेत वाघ सापडतो, कधी माणूसही.

१९७० मध्ये कान्हात बारशिंगे अवघे ६६ उरले होते. आज ते शेकड्यांनी चरतात ती काही कुरणे म्हणजे उठवलेल्या गावांची जुनी शेते आहेत.

जबलपूरच्या ईशान्येला बांधवगडमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये १० हत्ती मेले, तेव्हा आधी विषप्रयोगाचा संशय आला. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत निघाले ते बुरशीमुळे विषारी झालेले कोदो, म्हणजे कोकणातला हरीक. असा कोदो चढतो, हे खेड्यातल्या जाणत्यांना कुणी शिकवावे लागत नाही. हत्ती मात्र या भागात २०१८ मध्ये आले. त्यांचे तोंड बांधायचा मंत्र गुनियाकडे नाही. त्याच नोव्हेंबरात आणखी दोघे हत्तींच्या हल्ल्यात गेले आणि वन्यप्राण्याने माणूस मारल्यास मिळणारी मदत ८ लाखांवरून २५ लाख रुपये करण्याची घोषणा राज्य सरकारने केली.