दान कुठून येतं, कुठे जातं

1971 साली पूर्व बंगालातून जीव वाचवण्यासाठी भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या 90 लाखांच्या घरात गेली होती. कॉलरा होता, पाऊस होता, छावण्यांत अन्न अपुरं होतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ऑक्सफर्डमध्ये शिकवणारा पीटर सिंगर हा पंचविशीतला ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ एक निबंध लिहीत होता. त्यात त्याने आकडे सरळ शेजारी शेजारी ठेवले. निर्वासितांना वर्षभर जगवायला 46 कोटी 40 लाख पौंड लागतील असा अंदाज होता. ब्रिटनने आतापर्यंत दिले होते सुमारे दीड कोटी. त्याच ब्रिटनचे काँकर्ड विमानाच्या प्रकल्पात कधीही परत न येणारे साडेसत्तावीस कोटी पौंड खर्च झाले होते. आणि ऑस्ट्रेलियाची मदत सिडनीत उभ्या राहत असलेल्या ऑपेरा हाऊसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्शाहूनही कमी होती.

1972 मध्ये छापून आलेल्या त्या निबंधात सिंगरने एक साधा प्रश्न विचारला. वाटेवरच्या उथळ तळ्यात एखादं लहान मूल बुडताना दिसलं तर आपण आत उतरू की नाही? कपडे चिखलात खराब होतील म्हणून कुणी काठावर उभं राहणार नाही. मग तेच मूल हजारो मैलांवर असेल आणि ते आपल्या पैशाने वाचू शकत असेल, तर अंतरामुळे आपली जबाबदारी कशी काय संपते? सिंगरच्या मते ती संपत नाही. चैनीवर खर्च होणारा पैसा देऊन टाकणं हा मनाचा मोठेपणा नव्हे, ते कर्तव्य आहे, असं त्याचं म्हणणं.

निबंध गाजला, तत्त्वज्ञानाच्या वर्गांत शिकवला जाऊ लागला. पण त्यावर जगून दाखवणारी पिढी यायला जवळपास चाळीस वर्षं गेली. 2009 मध्ये ऑक्सफर्डमध्येच टोबी ऑर्ड आणि विल मॅकॅस्किल या दोन तरुण तत्त्वज्ञांनी ‘गिव्हिंग व्हॉट वुई कॅन’ ही संस्था काढली. सभासदाने आयुष्यभर उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा देण्याची प्रतिज्ञा करायची, एवढीच अट. ऑर्डने स्वतःसाठी वर्षाला 20,000 पौंडांची मर्यादा घालून घेतली, पुढे ती 18,000 वर आणली आणि त्यावरचं सगळं द्यायचं ठरवलं. दोन वर्षांनी या विचाराला ‘इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम’ हे नाव मिळालं. मराठीत त्याला परिणामकारक परोपकार म्हणता येईल.

आपल्याकडे दान सत्पात्री असावं असं सांगितलं जातं, म्हणजे घेणारा लायक आहे का ते पाहायचं. या मंडळींनी देणाऱ्याची परीक्षा सुरू केली. तुमच्या पैशाने नेमकं काय घडलं? तेवढ्याच पैशात दुसरीकडे जास्त जीव वाचले असते का?

हा प्रश्न किती गरजेचा आहे हे ‘प्लेपंप’च्या कहाणीवरून कळतं. दक्षिण आफ्रिकेत कुणाला तरी कल्पना सुचली की लहान मुलांच्या खेळाचं गोल फिरणारं चक्र विहिरीच्या पंपाला जोडायचं. मुलं खेळतील आणि पाणी आपोआप वर चढेल. ऐकताक्षणी आवडावी अशीच ही गोष्ट होती. 2006 मध्ये अमेरिकेचं सरकार आणि खासगी प्रतिष्ठानं यांनी मिळून त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरच्या मदतीची घोषणा केली. गावांत मात्र मुलं थोड्या वेळात थकायची, आणि मग बायकांना ते जड चक्र हाताने ढकलत बसावं लागायचं. साधा हातपंप त्यापेक्षा स्वस्त होता आणि सोपाही. देणाऱ्यांना हसरी मुलं दिसत होती, पाणी भरणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं.

असं होऊ नये म्हणून 2007 मध्ये अमेरिकेत ‘गिव्हवेल’ ही संस्था निघाली. होल्डन कार्नॉफ्स्की आणि एली हॅसनफेल्ड हे तिचे संस्थापक गुंतवणूक क्षेत्रातल्या बड्या कंपनीत काम करणारे. देणगी द्यायची तर शेअर घेताना करतो तेवढी तरी चौकशी करावी, या इच्छेतून त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्या शिफारशींत मलेरियाच्या मच्छरदाण्या वर्षानुवर्षं वर राहिल्या. कीटकनाशक लावलेली एक मच्छरदाणी सुमारे पाच डॉलरला पडते. सगळ्याच मच्छरदाण्या जीव वाचवत नाहीत. म्हणून मलेरियाचं प्रमाण, वापर, फाटण्याचं प्रमाण हे सगळं धरून हिशेब केला, की एक जीव वाचवायला साधारण 3,000 ते 5,500 डॉलर लागतात असा अंदाज निघतो. अमेरिकेतल्या जुन्या मोटारीची किंमत यापेक्षा जास्त असू शकते.

या पद्धतीची खरी किंमत मात्र अपयशाच्या वेळी कळते. बांगलादेशच्या उत्तर भागात कापणीपूर्वीच्या उपासमारीच्या महिन्यांत मजुरांना शहरात कामाला जाता यावं म्हणून प्रवासखर्चाएवढं छोटं कर्ज देणारी एक योजना होती. सुरुवातीच्या प्रयोगांत ती उत्तम ठरली, 2017 मध्ये गिव्हवेलच्या शिफारशींतही आली. मोठ्या प्रमाणावर राबवल्यावर मात्र अपेक्षित परिणाम दिसला नाही, आणि 2019 मध्ये चालवणाऱ्या संस्थेने ती स्वतःहून जाहीरपणे बंद केली. एखाद्या ट्रस्टने ‘आमचं हे काम चाललं नाही’ असं वार्षिक अहवालात छापल्याचं किती वाचकांना आठवेल? नव्या विचाराने दिलेली ही सवय इतर कशाहूनही मोलाची आहे.

मोजून मदत करणं हे कोरडं, परदेशी खूळ आहे असं वाटणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात तिथे जे केलं, तेव्हा वर सांगितलेल्या चळवळीचं नावही जन्मलं नव्हतं. गावात बाळंतपण घरी होत होतं, दवाखाना लांब होता, आणि जन्मल्यापासून महिनाभरात दगावणारी बाळं कुणाच्या खिजगणतीत नव्हती. सर्चने आधी ती मोजली. मग 39 गावांत गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं कशी ओळखायची, आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं ती शिकली. शेजारची 47 गावं तुलनेसाठी होती. कमी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन देणं ही त्या काळी मोठी धाडसाची गोष्ट होती.

1999 च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. एका बाळामागे खर्च आला 5.3 डॉलर, आणि काळजी घेतलेल्या दर 18 बाळांमागे एक मृत्यू टळला होता. गुणाकार केला तर एका जिवामागे शंभर डॉलरच्या आतली रक्कम येते. काळ वेगळा, खर्च धरण्याची रीत वेगळी, त्यामुळे मच्छरदाणीच्या आकड्याशी तिची थेट बरोबरी करता येणार नाही. तरी रक्कम थक्क करणारी आहे. बाळांचे मृत्यू मोजले गेले ते त्या बाळांविषयी तळमळ होती म्हणूनच.

या विचारातून निघालेल्या संस्था आज महाराष्ट्रातही काम करतात. ‘सुविता’ पालकांच्या मोबाइलवर बाळाच्या लशीची आठवण पाठवते. ‘फोर्टिफाय हेल्थ’ चक्कीवाल्यांना आट्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळण्यासाठी यंत्रं आणि साहाय्य पुरवते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, हे लक्षात घेतलं तर आट्याची पिशवी किती महत्त्वाची जागा आहे ते कळतं. अशा कामाचा फोटो निघत नाही, उद्घाटन होत नाही, कोनशिलेवर नाव लागत नाही. म्हणूनच त्याला देणगीदार मिळणं कठीण असतं.

इथवर सगळं पटण्यासारखं आहे. अडचण सुरू होते ती दान फार मोठं होतं तेव्हा.

या चळवळीने तरुणांना एक सल्ला दिला होता. भरपूर पगाराची नोकरी धरा आणि पैसा दान करा, त्याने तुम्ही स्वतः सेवाकार्यात जाण्यापेक्षा जास्त भलं होईल. 2012 मध्ये मॅकॅस्किलने हे एमआयटीत शिकणाऱ्या सॅम बँकमन-फ्राइड या मुलाला सांगितलं. तो वॉल स्ट्रीटवर गेला, मग क्रिप्टो चलनाच्या धंद्यात शिरला, 2019 मध्ये ‘एफटीएक्स’ ही कंपनी काढली आणि तिशीच्या आत अब्जाधीश झाला. चळवळीला तो मिरवावासा वाटला यात नवल नव्हतं. 2022 च्या नोव्हेंबरात कंपनी कोसळली आणि ग्राहकांचे सुमारे 8 अब्ज डॉलर जागेवर नसल्याचं उघड झालं. वर्षभरात तो सातही आरोपांत दोषी ठरला, आणि 2024 च्या मार्चमध्ये त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली.

खटल्यात त्याच्या एका निकटच्या सहकारी स्त्रीने सांगितलेली गोष्ट अंगावर काटा आणते. छापा पडला तर जग दुप्पट चांगलं होईल आणि काटा पडला तर जग नष्ट होईल, असं असलं तरी आपण नाणं उडवायला तयार आहोत, असं तो म्हणत असे. एकूण बेरीज वाढत असेल तर कुठलीही जोखीम चालते, या विचाराचं हे टोक. ज्यांची बचत गेली त्यांना त्या नाणेफेकीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. चळवळीतल्या नेत्यांनी फसवणुकीचा निःसंदिग्ध निषेध केला आणि तो प्रामाणिक होता. पण पैसा कुठे जातो याची दशांश चिन्हापर्यंत तपासणी करणाऱ्यांनी तो कुठून येतो हे मात्र पुरेसं विचारलं नाही, हे उरतंच.

हा प्रश्न जुना आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने 1889 मध्ये लिहिलं की श्रीमंत अवस्थेत मरणं ही नामुष्की आहे, आणि त्याने जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयांसाठी पैसा दिला. त्याच्याच होमस्टेडच्या कारखान्यात 1892 मध्ये मजुरी कपातीवरून झालेला संप सशस्त्र माणसं आणून मोडण्यात आला, माणसं मेली. पुढे होमस्टेडलाही ग्रंथालय मिळालं. पण दिवसाचे बारा तास भट्टीपुढे काढणाऱ्या कामगाराने वाचायला कधी जायचं? कार्नेगीने पैसा मजुरीत न देता ग्रंथालयात दिला, कारण लोकांचं भलं कशात आहे ते आपल्याला जास्त कळतं अशी त्याची खात्री होती.

त्यामानाने चक फीनी वेगळा. विमानतळांवरच्या ड्यूटी फ्री दुकानांतून तो गडगंज झाला आणि 1984 मध्ये त्याने कंपनीतला आपला जवळजवळ सगळा हिस्सा स्वतः स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला देऊन टाकला. तेही गुपचूप. तेरा वर्षं जगाला पत्ता नव्हता, बाहेर सगळे त्याला अब्जाधीशच समजत. आपल्याकडच्या गुप्तदानाच्या कल्पनेला शोभावं असं हे. हयातीत त्याने सुमारे 8 अब्ज डॉलर दिले, 2020 मध्ये प्रतिष्ठान बंद केलं, आणि 2023 मध्ये वारला तोवर तो सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या घरात राहत होता. त्याचा पुष्कळसा पैसा विद्यापीठांच्या इमारतींत गेला, हिशेबी परोपकारवाद्यांच्या तराजूत त्याला फार गुण मिळाले नसते. तरी सत्तेचा मोह सोडून देणं ही त्याची कमाई कुठल्याच तक्त्यात मावत नाही.

कारण मोठं दान ही सत्ता आहे. अमेरिकेत प्रतिष्ठानाला दिलेल्या पैशावर करसवलत मिळते, आणि प्रतिष्ठानाने दरवर्षी मालमत्तेच्या पाच टक्क्यांच्या आसपास खर्च केला की कायद्याचं भागतं. म्हणजे सरकारी तिजोरीत आला असता असा पैसा कशावर खर्चायचा हे एक कुटुंब ठरवतं. बिल गेट्स यांनी 2025 च्या मे महिन्यात जाहीर केलं की पुढच्या वीस वर्षांत 200 अब्ज डॉलर खर्चून त्यांचं प्रतिष्ठान 2045 अखेर बंद होईल. लसीकरणावरचं त्यांचं काम जग मान्य करतं. पण ज्या देशांच्या आरोग्यधोरणावर या पैशाचा प्रभाव पडतो, तिथल्या आईबापांना या निर्णयात मत नसतं. परकी मदत सरकार आणि जनता यांच्यातला जबाबदारीचा करार कमकुवत करते, असा अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांचा आक्षेप आहे, तो यासाठी गंभीरपणे घ्यायला हवा. सरकारी मदत तरी कायम कुठे असते? 2025 च्याच जुलैत अमेरिकेची ‘यूएसएड’ ही यंत्रणा गुंडाळली गेली आणि अनेक देशांतली औषधं, दवाखाने अडचणीत आले. पण तो निर्णय घेणाऱ्यांना निदान मतदार जाब विचारू शकतो.

खासगी पैशाने प्रयोग करावा, मोजावा, आणि जमला तर लोकनियुक्त सरकारच्या हाती द्यावा, हा त्यातल्या त्यात प्रतिष्ठेचा मार्ग दिसतो. गडचिरोलीत तसंच झालं. नवजात बालकांच्या घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत केंद्र सरकारने 2011 मध्ये देशभर स्वीकारली आणि ती आशा सेविकांकडे सोपवली. पहिल्या 42 दिवसांत सहा-सात वेळा बाळाच्या घरी जायचं, आणि या सगळ्या फेऱ्यांचा मिळून मोबदला 250 रुपये. आशा ही सरकारी कर्मचारी मानली जात नाही, ती स्वयंसेविका. तिला पगार नसतो, कामागणिक मोबदला मिळतो. जीव वाचवण्याचा दर इतका कमी निघतो, त्यात या बायकांच्या स्वस्त श्रमाचा वाटा आहे, आणि परिणामकारकतेच्या कुठल्याही तक्त्यात तो देणगी म्हणून नोंदला जात नाही. 2023-24 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी मोबदला वाढवून मिळावा म्हणून संप केले, आझाद मैदानावर ठिय्या दिला.