राखीव जागांची मोजणी

विद्यापीठांत अध्यापकांच्या जागा निघाल्या, कीं त्यांतील राखीव कोणत्या, हें बिंदुनामावली ठरविते. नागपूरजवळील वर्ध्याचें हिंदी विश्वविद्यालय केंद्रीय आहे. केंद्रीय नामावलींत ४ थी जागा इतर मागासवर्गांस, ७ वी अनुसूचित जातींस व १४ वी अनुसूचित जमातींस असते.

समजा, ५ विभागांत एकाच दर्जाच्या ३-३ जागा आहेत. विभागवार मोजल्यास एकही राखीव ठरत नाहीं. सर्व १५ एकत्र मोजल्यास तिन्ही वर्गांना वांटा मिळतो. २०१७ सालीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें विभागवार मोजणीचा निर्णय दिला. २०१९ च्या केंद्रीय कायद्यानें संपूर्ण संस्था हेंच एकक ठरविलें.

तात्पर्य, शेंकडा प्रमाण तेंच राहूनहि केवळ मोजणीच्या रीतीनें पात्र उमेदवाराला दार उघडतें किंवा बंद होतें.