गाडीचा आवाज वाढला तर…

पिंपरीत टाटा मोटर्स, चाकणला बजाज, महिंद्रा आणि फोक्सवॅगन असे कारखाने असलेल्या या पट्ट्यात मोटारीचा सुटा भाग किंवा कसबी कारागीर मिळणे अवघड नाही. तरीही गाडीचा आवाज एके दिवशी वाढला, की बहुतेक घरांत दोनच गोष्टी घडतात. एक तर ‘अजून चालते आहे ना’ म्हणून दुर्लक्ष होते, नाही तर गॅरेजवाला सांगेल ते बिल मुकाट्याने भरले जाते. या दोहोंच्या मध्ये अर्ध्या तासाची एक तपासणी आहे आणि ती घरच्या घरी करता येते.

सायलेन्सर बिघडण्याचे कारण पुष्कळदा गाडीच्या दिनक्रमात असते. घर ते दुकान, दुपारी जेवणासाठी घरी, पुन्हा दुकान असे दोन-तीन किलोमीटरचे फेरे व्यापारी कुटुंबाच्या गाडीच्या वाट्याला येतात. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ही वाफ बाहेर पडते; छोट्या फेऱ्यांत तिचे पाणी होऊन ते मागच्या डब्यातच साचते. डबा आतून गंजतो, बाहेरून मात्र धडधाकट दिसतो. रोज चाकणच्या गोदामाकडे जाणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी असते. तेथे खड्डे आणि गतिरोधक यांच्या धक्क्यांनी पाईप तोलून धरणारी रबरे तुटतात, सांधे सैल होतात.

आवाज सहन करता येईल, पण गळतीतून येणारा वायू घातक असतो. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. पाईप गाडीच्या पोटाखाली फुटला असेल, तर हा वायू आत शिरू शकतो. माल भरून डिकी अर्धी उघडी, दोरीने बांधून गाडी नेली, तर मागचा धूर आत ओढला जातो. प्रवासात सर्वांचेच डोके दुखू लागले, मळमळले, मागे बसलेली मुले अवेळी गुंगली, तर तो थकवा समजू नये. गाडी थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जावे.

तपासणी नेहमी उघड्यावर करावी. तळघरातील पार्किंगमध्ये किंवा बंद शेडमध्ये कधीही नाही. सकाळी इंजिन थंड असताना हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चाकांना अडथळा लावावा. एकाने गाडी सुरू करावी, दुसऱ्याने बाजूला उभे राहून ऐकावे. बॉनेटखालून टकटक येत असेल आणि इंजिन तापल्यावर ती कमी होत असेल, तर इंजिनाजवळच्या पाईपाची पॅकिंग गेली असण्याची शक्यता मोठी. तापलेला धातू प्रसरण पावून फट बुजवतो. गाडीच्या मधल्या भागातून फुसफुस आली, तर जाळीचा लवचिक पाईप किंवा सांधा संशयित. मागून घुमणारा जड आवाज म्हणजे बहुधा डब्याला पडलेले भोक. पत्र्याचा खडखडाट असेल, तर उष्णतारोधक पत्रा सैल झालेला असू शकतो.

नंतर इंजिन बंद करून पाईप पूर्ण गार होऊ द्यावा आणि बॅटरीच्या उजेडात खाली वाकून पाहावे. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला, की गळती तेथेच. चाक बदलण्याच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये.

घरी करण्याजोगी कामे थोडी, पण उपयोगी आहेत. तुटलेले रबर बदलता येते. सैल क्लॅम्पचा गंजलेला नट तेल सोडून, थोडा वेळ थांबून आवळता येतो. खडखडणारा पत्रा स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पने बांधता येतो. लहान भोकावर उष्णता सोसणारी पुट्टी किंवा पट्टी लावता येते, पण ती गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतीच समजावी. गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंगही टिकत नाही. तेथे डबा बदलणेच स्वस्त पडते. वेल्डिंग करायचेच असेल, तर आधी बॅटरीची तार सोडवण्याची आठवण कारागिराला द्यावी.

इंजिनाजवळची पॅकिंग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही कामे जाणकाराकडेच सोपवावीत. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर बाहेरची हवा आत मिसळते, सेन्सर चुकीचा निष्कर्ष काढतो आणि गाडी जास्त इंधन पिऊ लागते. ‘कन्व्हर्टर काढून साधा पाईप टाकू’ हा सल्ला स्वस्त वाटला तरी नाकारावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार ध्वनी व वायू प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्या चालकाला पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

एवढी पाहणी झाल्यावर गॅरेजमध्ये ‘आवाज येतो’ एवढेच सांगावे लागत नाही. आवाज कोठून येतो, थंड असताना की तापल्यावर आणि काजळी कोणत्या सांध्यावर आहे, हे सांगणाऱ्या ग्राहकाला नको ते काम सहसा लावले जात नाही. आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवली, तर साचलेले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि नवा डबाही अधिक काळ टिकतो.