वायूपासून पेंड

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन असते. कोंबडी ते आणते कोठून? तुम्ही म्हणाल, तिच्या खाद्यातून. अगदी बरोबर. पण नुसत्या मक्यावर कोंबडी भरपूर अंडी देत नाही. खाद्यात सोयाबीनची पेंड किंवा सुक्या मासळीची भुकटी मिसळावी लागते. म्हणजे खुराड्यामागे कोणाचे तरी शेत असते, नाहीतर समुद्र.

समुद्र कधीकधी दगा देतो. पेरू देशाच्या किनाऱ्यावर १९७० साली सुमारे १ कोटी २० लाख टन अँकोव्हेटा ही लहान मासळी पकडली गेली. तिची बहुतेक भुकटीच होई. अतोनात मासेमारी आणि १९७२ चा एल निनो, म्हणजे तेथील समुद्राचे पाणी तापणे, यांमुळे दोन-तीन वर्षांत ही मासळी हाती लागेनाशी झाली. साहजिकच सोयाबीनचे भाव भडकले, आणि १९७३ मध्ये अमेरिकेने काही काळ त्याची निर्यातच रोखली.

शेत आणि समुद्र दोन्ही टाळून प्रथिन मिळेल काय? शास्त्रज्ञांची नजर आधीच सूक्ष्मजीवांकडे वळली होती. दोन तासांत दुप्पट होणारा जिवाणू घ्या आणि कागदावर गणित मांडा. २४ तासांत तो बारा वेळा दुप्पट होईल, म्हणजे १ किलोचे ४,०९६ किलो! अर्थात अन्न, हवा आणि जागा पुरली तर. ती पुरवणे हेच खरे अवघड काम.

हे काम इंग्लंडमधील बिलिंगहॅम येथे आयसीआय कंपनीने केले. मेथिलोफिलस मेथिलोट्रोफस नावाचा जिवाणू मेथॅनॉल खाऊन जगतो, आणि मेथॅनॉल नैसर्गिक वायूपासून बनवता येते. नायट्रोजनसाठी अमोनिया द्यायचा. सुमारे १५ लाख लिटरच्या उंच पात्रात तळाशी हवा सोडत. बुडबुड्यांमुळे हलके झालेले पाणी एका बाजूने वर चढे व दुसऱ्या बाजूने खाली येई; ढवळायला पंख्याची गरजच नाही. जिवाणू उष्णताही पुष्कळ निर्माण करीत, म्हणून पात्र सतत थंड ठेवावे लागे. दुसरा कोणताही जंतू आत शिरू द्यायचा नाही, हेही पथ्य होतेच. साधारण दोन किलो मेथॅनॉलपासून एक किलो कोरडे जिवाणू मिळत, आणि त्यांत ७० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असत. ही भुकटी ‘प्रुटीन’ या नावाने वासरे, डुकरे व कोंबड्या यांच्या खाद्यासाठी १९८० च्या सुमारास विक्रीस आली.

माणसांनाच का नाही दिली? झपाट्याने वाढणाऱ्या पेशींत न्यूक्लिइक आम्ले फार असतात. आपल्या शरीरात त्यांपासून यूरिक आम्ल बनते आणि ते फोडणारे विकर माणसात नसते. ते साचले की सांधे सुजतात, मूतखडे होतात. डुकरांत व वासरांत हे विकर असते. कोंबडी तर यूरिक आम्ल सरळ बाहेर टाकते. तिच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच.

जिवाणूने आपले काम चोख केले. फसला तो हिशेब! १९७३ व १९७९ मध्ये खनिज तेल कडाडले, त्यामागोमाग वायू आणि मेथॅनॉलही महागले. इकडे ब्राझीलसारख्या देशांत सोयाबीनची लागवड वाढत गेली. जिवाणूंचे जेवण प्राण्यांच्या जेवणाहून महाग पडू लागले, आणि कारखाना त्याच दशकात बंद झाला. मला वाटते, ही तंत्राची हार म्हणता येणार नाही.

कारण आज तोच विचार पुन्हा पुढे आला आहे. कोळंबी व सॅमन यांची शेती वाढली आणि मासळीच्या भुकटीवरचा ताणही वाढला. आता मेथिलोकॉकस कॅप्सुलेटस या जिवाणूला थेट मिथेन वायूच देतात. बंगळुरूमध्येही मिथेनपासून प्रथिन बनवण्यावर काम झाले आहे. काही जिवाणू हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांवरही वाढतात. पण हायड्रोजन मिळवण्यासाठी पाणी विजेने फोडावे लागते. तेथे सोयाबीनची स्पर्धा विजेच्या दराशी आहे.